मुदतखरेदी, संचकारपत्र आणि दस्तातील शब्द

ऊस लागवडीसाठी बेणे निवडताना कोल्हापूर भागातील शेतकरी कांडीचा डोळा न् डोळा पाहून घेतो. खताच्या पिशवीवरील नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण वाचल्याशिवाय पिशवी उचलत नाही. परंतु ज्या जमिनीत ती कांडी लावायची आणि ते खत टाकायचे, त्या जमिनीच्या दस्तावर सही करताना मात्र "वाचून दाखवला, समजला, कबूल आहे" या एका ओळीवर काम भागते. दस्तलेखक घाईत असतो, दुय्यम निबंधक कार्यालयातील नंबर लागलेला असतो आणि साक्षीदारांना गावाकडची गाडी गाठायची असते. अशा वेळी आत काय लिहिले आहे हे पाहण्यास सवड मिळत नाही.

दस्तांचे मसुदे आता संगणकावर तयार होतात. त्यामुळे अक्षर स्वच्छ झाले, परंतु चुकांची एक नवीन जात जन्माला आली. आधीच्या कोणाच्या तरी दस्ताचा मसुदा घेऊन त्यात नावे, गट नंबर व रक्कम बदलली जाते आणि एखादी चतुःसीमा किंवा एखादी अट जुन्याच दस्तातील राहून जाते. दस्त नोंदला म्हणजे सरकारने तो तपासला, असाही समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. दस्त करून देणारी माणसे तीच आहेत का, मुद्रांक पुरेसा आहे का, मिळकतीचे वर्णन ओळख पटण्याइतके आहे का, हे दुय्यम निबंधक पाहतो. व्यवहारातील शब्द आपल्या हिताचे आहेत की नाहीत, हे पाहणे त्याचे काम नव्हे.

तोंडी ठरलेले आणि कागदावर आलेले

जमिनीचा व्यवहार लेखी झाला की त्यातील अटींविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ९१ व ९२ यांचा हाच आशय होता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ आला. त्यातही हीच तरतूद कलम ९४ व ९५ मध्ये आहे. "चावडीवर चार माणसांदेखत ठरले होते" असे सांगून दस्तातील रक्कम, मुदत किंवा क्षेत्र बदलून मिळत नाही.

याला अपवाद आहेत. फसवणूक झाली असेल, दोन्ही बाजूंची समान चूक झाली असेल, तर ती सिद्ध करता येते. दस्त केवळ दिखाऊ होता, तो अंमलात आणायचा नव्हताच, हेही तोंडी पुराव्याने दाखवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली एका खटल्यात दिला. त्यातही कर्जापोटी लिहून दिलेल्या खरेदीखताचाच वाद होता. मात्र असे सिद्ध करण्याचा सर्व भार सांगणाऱ्यावर पडतो आणि त्यात वर्षे जातात. तोपर्यंत जमीन कोण कसतो, हे आपण जाणताच.

मुदतखरेदी : विक्री की गहाण?

लग्नकार्य, आजारपण, विहिरीचे काम किंवा जुने देणे यासाठी तातडीने पैसा लागतो. बँकेत थकबाकी असते. मग गावातील किंवा शेजारच्या गावातील एखादा पैसेवाला रक्कम देतो व त्यापोटी जमीन "मुदतखरेदी" लिहून घेतो. ठरावीक मुदतीत रक्कम परत केली की जमीन फिरवून द्यायची, नाही केली तर खरेदी कायम, असा हा व्यवहार असतो. तो बेकायदेशीर नाही. परंतु हाच व्यवहार कागदावर तीन वेगवेगळ्या रीतीने लिहिला जातो, आणि तिन्हींचे परिणाम इतके वेगळे आहेत की शेतकऱ्याने हा फरक शांतपणे समजून घेतला पाहिजे.

पहिली रीत सशर्त विक्रीच्या रूपातील गहाणाची. खरेदीचा आणि परत फिरवून देण्याचा मजकूर एकाच दस्तात असतो आणि त्यावरून हा कर्ज व तारणाचा व्यवहार आहे हे दिसते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मधील कलम ५८ (क) प्रमाणे हे गहाण ठरते. गहाण ठरले की मुदत उलटली म्हणून जमीन आपोआप सावकाराची होत नाही. त्यासाठी त्याला न्यायालयाचा हुकूम घ्यावा लागतो. उलट शेतकऱ्याला गहाण सोडवून घेण्याचा हक्क मिळाल्यापासून ३० वर्षांपर्यंत दावा करता येतो. सावकार रक्कम घेत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे ती न्यायालयात भरण्याचीही सोय आहे.

दुसऱ्या रीतीतही अट त्याच दस्तात असते. परंतु शब्दांवरून दिसते की जमीन खरोखर विकली आहे आणि विकणाऱ्याला फक्त पुन्हा खरेदी करण्याची सवलत ठेवली आहे. येथे मालक बदललेला असतो. सवलत वापरायची तर दस्तातील तारखेच्या आत, दस्तात सांगितलेल्या रीतीनेच वापरावी लागते. फेरखरेदीच्या सवलतीत मुदत काटेकोर पाळली पाहिजे, हे तत्त्व १९५० च्या फेडरल कोर्टाच्या निकालापासून आपल्याकडे चालत आले आहे. एक दिवस उशीर झाला तरी हक्क गेला, असे समजून चालावे.

तिसरी रीत सर्वांत धोक्याची, आणि दुर्दैवाने तीच पुष्कळदा वापरली जाते. खरेदीखत "कायम खरेदी" म्हणून नोंदले जाते आणि परत देण्याची कबुली वेगळ्या कागदावर, बहुधा नोंद न करता लिहून दिली जाते. १९२९ साली कलम ५८ (क) ला एक परंतुक जोडण्यात आले. त्याप्रमाणे, परत देण्याची अट ज्या दस्ताने विक्री झाली त्याच दस्तात नसेल, तर तो व्यवहार गहाण समजला जाणार नाही. १९५४ साली बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. दोन्ही कागद एकाच दिवशी, एकाच बैठकीत झाले असले तरी फरक पडत नाही.

मग त्या दुसऱ्या कागदाचे मोल काय? तो फार तर जमीन परत विकण्याचा करार ठरतो. तो मोडला तर करारपूर्तीचा दावा करावा लागतो. त्याची मुदत ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षे असते, तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून ३ वर्षे. मधल्या काळात खरेदीदाराने तीच जमीन तिसऱ्याला विकली, त्याने पूर्ण पैसे दिले आणि आपल्या कागदाची त्याला माहिती नव्हती, तर त्या तिसऱ्याविरुद्ध आपला करार चालत नाही. पेटीत जपून ठेवलेला कागद असा निकामी होतो. "वेगळ्या स्टँपवर लिहून देतो, काळजी करू नका" असे कोणी म्हणाले, की काळजी करण्याची वेळ तीच असते.

पहिल्या आणि दुसऱ्या रीतीत फरक कशाने पडतो? दस्ताच्या मथळ्याने पडत नाही. वर "मुदतखरेदी" लिहिले काय आणि "कायम खरेदीखत" लिहिले काय, न्यायालय संपूर्ण दस्त वाचते. दस्ताचे शब्द स्पष्ट असतील तर त्यांवरून, आणि संदिग्ध असतील तर भोवतालच्या परिस्थितीवरून पक्षकारांचा हेतू ठरवते. जमिनीची बाजारातील किंमत आणि दिलेली रक्कम यांत मोठी तफावत आहे का, कब्जा कोणाकडे राहिला, शेतसारा कोणी भरला, मुदतीपर्यंत घेणाऱ्याने ती जमीन दुसऱ्याला द्यायची नाही असे बंधन आहे का, या गोष्टी पाहिल्या जातात. २०१७ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा दस्ताला गहाण ठरवले, तेही सबंध दस्त वाचूनच.

आपण मराठीत जे शब्द सहज वापरतो, ते येथे फार महत्त्वाचे ठरतात. "रक्कम परत केल्यावर जमीन सोडवून घ्यावी" यातील "सोडवून" हा शब्द सांगतो की जमीन माझीच आहे, ती अडकली आहे. "इच्छा असल्यास पुन्हा खरेदी घ्यावी" यातील "पुन्हा खरेदी" हा शब्द सांगतो की एक खरेदी पुरी झाली. "फिरवून द्यावी" हा आपल्याकडचा नेहमीचा शब्द दोहोंच्या मध्ये आहे आणि दोन्ही बाजूंचे वकील तो आपापल्या बाजूला ओढतात. तेव्हा रक्कम कर्जाऊ घेतली असेल तर तसेच लिहावे : "वरील रक्कम कर्जाऊ घेतली असून तिच्या तारणापोटी ही मिळकत लिहून दिली आहे." समोरचा माणूस हे वाक्य घालू देत नसेल, तर त्याला तारण नको, जमीन हवी आहे, एवढे तरी सही करण्यापूर्वी कळते.

मुदतीचा मजकूर लिहिताना सणावर भिस्त ठेवू नये. "येत्या पाचव्या पाडव्यापर्यंत" असे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पाडवा दरवर्षी वेगळ्या तारखेस येतो, आणि पाडवा म्हटल्यावर गुढीपाडवा की दिवाळीतील पाडवा, असाही वाद निघू शकतो. "५ वर्षांचे आत" आणि "५ वर्षांनंतर" यांत तर जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात पाचवे वर्ष संपताच हक्क संपू शकतो, दुसऱ्यात तो तेव्हा सुरू होतो. "दि. ३० एप्रिल २०३१ पर्यंत, तो दिवस धरून, केव्हाही" असे तारीख घालून लिहावे. रक्कम अंकी व अक्षरी दोन्ही लिहावी. व्याज ठरले असेल तर दर लिहावा. दस्तात व्याजाचा उल्लेख टाळायचा आणि वसुली मात्र व्याजासह करायची, हा प्रकार ज्याने पैसे दिले त्याच्याच सोयीचा असतो.

मुदत जवळ आली आणि घेणारा भेटत नसेल, तर हेलपाटे घालत बसू नये. रक्कम तयार असल्याची लेखी नोटीस वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने मुदतीपूर्वी पोहोचेल अशी पाठवावी आणि रक्कम खरोखर तयार होती याचा बँकेचा पुरावा ठेवावा.

परवाना नसलेल्या सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर आणखी एक मार्ग आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मधील कलम १८ प्रमाणे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. अर्जापूर्वीच्या १५ वर्षांत सावकारीच्या ओघात, कर्जाचे तारण म्हणून मिळकत खरेदी, गहाण किंवा अन्य रूपाने सावकाराकडे गेली असल्याचे चौकशीत आढळले, तर तो दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. येथे दस्तात "कायम खरेदी" असे शब्द असले तरी चौकशी थांबत नाही. मात्र व्यवहार सावकारीचा होता हे दाखवावे लागते. हातउसने दिलेल्या ओळखीच्या माणसाला हे कलम सहज लागू होत नाही.

संचकारपत्रातील शब्द

इतरत्र ज्याला साठेखत किंवा विसारपावती म्हणतात, त्याला कोल्हापूर-सांगली भागात संचकारपत्र हा शब्द रूढ आहे. संचकारपत्राने जमिनीवर मालकी येत नाही. कलम ५४ प्रमाणे विक्रीचा करार मिळकतीत कोणताही हक्क निर्माण करत नाही. त्याने फक्त खरेदीखत करून मागण्याचा अधिकार मिळतो.

यात दोन ठिकाणी शब्द नडतात. पहिले ठिकाण म्हणजे दिलेल्या पैशाचे नाव. ती रक्कम "विसार" आहे की किमतीपैकी "आगाऊ रक्कम" आहे? व्यवहार पुरा करण्याची हमी म्हणून दिलेला विसार, खरेदीदाराने करार मोडल्यास, अटीप्रमाणे जप्त होऊ शकतो. किमतीचा भाग म्हणून दिलेली आगाऊ रक्कम तशी जप्त होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात हा भेद सांगितला आहे. ५० हजार विसार व ४ लाख आगाऊ असे देताना सर्व रकमेला सरसकट "विसार" लिहिले, तर घेणाऱ्याने साडेचार लाख पणाला लावले. विकणारा मोडेल तर काय, हेही त्याच ओळीत लिहिले पाहिजे. बहुतेक कागदांत ते नसते.

दुसरे ठिकाण मुदतीचे. "विक्री परवानगी मिळाल्यापासून ३ महिन्यांत खरेदीखत करावे" असे वाक्य भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीबाबत नेहमी दिसते. परवानगीचा अर्ज कोणी करायचा, किती दिवसांत करायचा, खर्च कोणाचा, आणि परवानगी नाकारली तर पैसे किती दिवसांत परत, हे लिहिलेले नसते. विकणाऱ्याने अर्जच केला नाही तर ते ३ महिने कधी सुरूच होत नाहीत. दर वाढत असलेल्या गावात, शहराजवळच्या किंवा रस्त्यालगतच्या जमिनीत, अशी वाक्ये सहज म्हणून राहिलेली नसतात.

दर गुंठ्यावर ठरला असेल तर "मोजणीअंती येणाऱ्या क्षेत्रावर प्रतिगुंठा दराने" असे लिहावे. एकरकमी ठरला असेल तर "क्षेत्र कमी-जास्त भरल्यास किमतीत फरक होणार नाही" असे लिहावे. "अंदाजे क्षेत्र" एवढेच लिहून दोन्ही गोष्टी मोकळ्या सोडल्या, की मोजणीच्या दिवशी बांधावर भांडण ठरलेलेच.

क्षेत्र, गट नंबर आणि चतुःसीमा

सातबारावर शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत असते. व्यवहार बोलला जातो गुंठ्यांत. १ आर म्हणजे १०० चौ. मी., तर १ गुंठा म्हणजे १०८९ चौ. फूट, सुमारे १०१.१७ चौ. मी. त्यामुळे "४० आर" आणि "४० गुंठे" एक नव्हेत. ४० आर म्हणजे ३९.५४ गुंठे. हा फरक जवळपास अर्ध्या गुंठ्याचा आहे. याहून मोठी चूक दशांश चिन्हाची. "०.४० हेक्टर" म्हणजे ४० आर. परंतु दस्तात "०.४० आर" असे लिहिले गेले तर त्याचा अर्थ ४० चौ. मी., म्हणजे एका गोठ्याएवढी जागा! ही चूक इतकी नित्याची आहे की दस्त हातात आल्यावर पहिल्यांदा हाच आकडा पाहावा. क्षेत्र "० हे. ४० आर, म्हणजे ४,००० चौ. मी." असे दोन प्रकारे लिहिले की शंका राहत नाही.

नंबरातही तसेच. आपल्या भागातील दस्तांत रि.स.नं. आणि गट नंबर दोन्ही आढळतात. एकत्रीकरण झालेल्या गावांत जुना नंबर आणि नवीन गट नंबर वेगवेगळे असतात आणि तोच आकडा गावात दुसऱ्याच्या जमिनीचा असू शकतो. दोन्ही लिहावेत आणि कोणता जुना, कोणता नवा हेही लिहावे. नंबर चुकला तरी सर्व काही गेले असे मात्र नाही. बिहारमधील एका प्रकरणात १०६० या नंबराऐवजी १६० असा नंबर पडला होता. चतुःसीमा व इतर वर्णन १०६० शी जुळत असल्याने सर्वोच्च न्यायालयाने ती केवळ वर्णनातील चूक मानली. म्हणजे ज्याने चतुःसीमा नीट लिहिल्या त्याला त्या उपयोगी पडल्या. आपल्याकडील दस्तांत मात्र शेजाऱ्यांची नावे आज्याच्या काळातली असतात. आजचा वहिवाटदार आणि त्याचा गट नंबर असे दोन्ही लिहावे. ओढा, पाणंद, बांध यांचा उल्लेख करावा.

गटाचा एक भागच खरेदी करत असाल तर तो कोणत्या दिशेचा, हे नकाशा जोडून सांगावे. "गटापैकी १० गुंठे" एवढ्यावरून रस्त्याकडेचे की ओढ्याकडेचे, हे कोणी ठरवायचे? शिवाय तुकडेबंदी कायद्यात एवढा तुकडा बसतो का, हेही आधी तलाठ्याकडे विचारावे.

उसाच्या पट्ट्यात पाणी हे जमिनीइतकेच मोलाचे आहे. विहीर दुसऱ्या गटात असेल तर तेथील हिस्सा "झाडे, झुडपे, पाणी, पाषाणासह" या पारंपरिक ओळीत येत नाही. विहिरीचा गट नंबर, हिस्सा, पाण्याची पाळी, मोटर व पाइपलाइन नेण्याचा हक्क हे स्वतंत्र लिहावे. सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा शेअर असेल तर तो संस्थेच्या दप्तरी वेगळा वर्ग करून घ्यावा लागतो.

चूक आढळल्यास

चूक कोठे आहे, हे आधी ठरवावे. दस्त बरोबर असून फेरफारात, ज्याला आपल्याकडे डायरी म्हणतात, किंवा सातबारावर लेखनाची चूक झाली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मधील कलम १५५ प्रमाणे तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. दस्तच चुकला असेल तर तहसीलदार तो सुधारू शकत नाहीत. तेथे दोन्ही पक्षांनी मिळून चूकदुरुस्तीपत्र करून ते नोंदवावे लागते. त्यात मूळ दस्ताचा क्रमांक व दिनांक, चुकीचा मजकूर आणि त्याऐवजी वाचावयाचा मजकूर हे जसेच्या तसे लिहावे. क्षेत्र किंवा किंमत वाढत असेल, तर त्याला नुसती दुरुस्ती मानले जाईलच असे नाही. मुद्रांकाचा प्रश्न येतो.

लिहून देणारा सही करण्यास येत नसेल, तर स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट १९६३ च्या कलम २६ खाली दस्त दुरुस्त करून मागण्याचा दावा करता येतो. परंतु फसवणूक किंवा दोघांचीही समान चूक दाखवावी लागते. एकट्याची गफलत पुरत नाही. म्हणून लिहून देणारा हयात आहे, गावात आहे आणि बोलण्यात आहे तोवरच हे काम उरकावे. त्याच्या पश्चात पाच वारसांच्या सह्या गोळा करणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांना विचारावे.

मसुदा नोंदणीच्या निदान एक दिवस आधी मागून घ्यावा आणि घरी सातबारा, जुना दस्त व नकाशा समोर ठेवून मोठ्याने वाचावा. घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घेतल्यास अधिक बरे. जमीन कसणाऱ्या माणसाला ऐकताना चुकीची दिशा चटकन कळते. नोंदणीनंतर सूची क्रमांक दोनचा उतारा त्याच आठवड्यात काढून नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम मूळ दस्ताशी ताडून पाहावी. मुदतखरेदी असेल तर परत देण्याची अट दस्ताच्या कोणत्या पानावर आहे ते पाहून त्या पानाची एक प्रत आपल्याजवळ वेगळी ठेवावी.